एंजलफिशची अंडी रात्रीत नाहीशी होतात, तेव्हा

प्रश्न : आमच्या घरी सुमारे २०० लिटरची माशांची टाकी आहे. तिच्यात चार एंजलफिश, डझनभर टेट्रा, तळाशी फिरणारे दोन कोरीडोरस मासे आणि काचेवरचे शेवाळ खावे म्हणून आणलेला एक सकर मासा आहे. एंजलफिशपैकी दोघांची जोडी जमली असून गेल्या चार महिन्यांपासून दर बारा-पंधरा दिवसांनी मादी फिल्टरच्या पाइपवर अंडी घालते. दोघे दिवसभर त्यांची राखण करतात, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर पाइप अगदी स्वच्छ असतो. एकदाच अंड्यांच्या जागी बारीक शेपट्या वळवळताना दिसल्या; त्याही रात्रीत नाहीशा झाल्या. आईबापच अंडी खातात, असे सगळे म्हणतात. कोणी टाकीत मिथिलिन ब्लू हे बुरशीवरचे निळे औषध टाकायला सांगतात, कोणी पाण्याचा पीएच कमी करणारी पावडर वापरायला सांगतात, तर कोणी ही जोडी देऊन टाका आणि दुसरी आणा म्हणतात. अंडी काढून वेगळी उबवावीत का? आणि पिल्ले जगलीच, तर त्यांना खायला काय द्यायचे?

उत्तर : जोडी बदलू नका. हे सर्वांत आधी सांगायला हवे, कारण टाकीतल्या बाकीच्या उणिवा दूर करता येतात, पण जमलेली जोडी मोडली तर ती पुन्हा जमेलच असे नाही. एंजलफिश आपला जोडीदार स्वतः निवडतात. पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवली, की ती आठ-दहा महिन्यांची झाल्यावर त्यांतले दोघे टाकीचा एक कोपरा धरतात, इतरांना तिथून हाकलतात, कधी एकमेकांची तोंडे पकडून ओढाओढ करत परस्परांचा जोर अजमावतात आणि मग जोडी ठरते. बाहेरून एक नर आणि एक मादी आणून एकत्र सोडल्याने हे घडेल याची खात्री नसते. शिवाय नर कोणता आणि मादी कोणती, हे एरवी नुसत्या रूपावरून ओळखणे अनुभवी माणसालाही जड जाते. अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली जी बारीक नळी बाहेर येते, तीच काय ती विश्वासाची खूण : नराची नळी निमुळती आणि टोकदार, मादीची रुंद आणि बोथट. तुमच्याकडे हे सगळे आपसूक जुळून आले आहे. ते हातचे घालवण्याचे काही कारण दिसत नाही.

आता त्यांच्यावरच्या आरोपाकडे वळू. तुमच्या पत्रात एक तपशील दोनदा आला आहे : अंडी जातात ती रात्रीत. दिवसभर ती पाइपवर असतात आणि आईबाप त्यांच्यावर पहारा देतात; दिवा बंद होतो, घर झोपते आणि सकाळी पाइप रिकामा असतो. अंडी खाताना त्या दोघांना प्रत्यक्ष कोणी पाहिल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. एंजलफिशची राखण सर्वस्वी नजरेवर चालते. अंधारात त्यांना आपली अंडीही नीट दिसत नाहीत आणि त्यांच्याकडे सरकणारा मासाही दिसत नाही. उलट सकर मासा मुळात निशाचर आहे. तो वास आणि स्पर्श यांच्या आधाराने अन्न शोधतो, काचेवरून आणि पाइपवरून तोंड घासत फिरतो आणि वाटेत आलेली अंडी तो शेवाळाइतक्याच सहजपणे खरवडून नेतो. कोरीडोरसही संधी मिळाली तर अंडी सोडत नाहीत. टेट्रांचा धोका अंड्यांपेक्षा वळवळणाऱ्या पिल्लांना अधिक असतो. आणि उरलेले दोन एंजलफिश शेजारीच फिरत असल्यामुळे ही जोडी सतत ताणाखाली राहते, हेही विसरता येणार नाही.

याचा अर्थ आईबाप अंडी कधीच खात नाहीत असा नव्हे. तरुण जोडी पहिल्या काही खेपांना बऱ्याचदा खाते. सारखा धोका जाणवत राहिला, कोणी काचेवर टकटक केली, दिवा एकदम लागला किंवा विझला, तरी खाते. अंडी फळली नसतील तर ती खाणे त्यांच्या दृष्टीने योग्यच असते, कारण मेलेल्या अंड्यांवर धरलेली बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. राखण करून उपयोग नाही असे दिसले, की अंड्यांत घातलेले बळ निदान पोटात परत घ्यावे, असा हा व्यवहार आहे. त्यावरून ते आईबाप म्हणून वाईट ठरत नाहीत. एंजलफिश हे सिक्लिड कुळातले मासे आहेत आणि पिल्लांची काळजी घेणे हे या कुळाचे ठळक लक्षण आहे. पंखांसारख्या परांनी अंड्यांवर अखंड पाणी वारणे, पांढरे पडलेले अंडे तेवढे नेमके वेचून काढणे, खाली पडलेले पिल्लू तोंडात धरून पुन्हा जागेवर चिकटवणे, ही सगळी कामे दोघे पाळीपाळीने करतात. त्यांना हे करायला शांत जागा मात्र मिळाली पाहिजे.

एक शक्यता आणखी आहे, आणि ती तपासून पाहण्यासारखी आहे. २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाला अंडी साधारण ४८ ते ६० तासांत फुटतात, म्हणजे तुम्ही सांगता त्याच दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास. अंडी फुटली की आईबाप पिल्लांना तोंडात भरून अनेकदा दुसऱ्या जागी नेतात : एखाद्या पानाच्या मागच्या बाजूला, हीटरच्या आडोशाला किंवा काचेच्या कोपऱ्यात. त्या अवस्थेतल्या पिल्लांच्या डोक्यावर चिकट धाग्यांसारख्या ग्रंथी असतात. त्यांच्या आधाराने ती पृष्ठभागाला लटकून राहतात आणि त्यांच्या शेपट्या तेवढ्या थरथरत असतात. तेव्हा पुढच्या खेपेला पाइप रिकामा दिसला, तर लगेच निराश न होता बारीक टॉर्चचा मंद प्रकाश बाजूने टाकून पानांच्या मागे पाहा. त्या आधी जोडीचेच निरीक्षण करा. दोघे अजूनही एखाद्या कोपऱ्याभोवती घुटमळत असतील आणि इतरांवर धावून जात असतील, तर पिल्ले तिथेच आहेत असे समजा. दोघे टाकीभर निवांत फिरत असतील, तर मात्र ती गेली.

पीएच कमी करणाऱ्या पावडरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती वापरू नका. तुम्ही एकदा शेपट्या वळवळताना पाहिल्या आहेत. त्या एका दृश्यातून तीन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, तुमच्या जोडीत खरोखरच एक नर आणि एक मादी आहे. दोन माद्याही जोडी करून अंडी घालू शकतात, पण ती सगळीच्या सगळी पांढरी पडतात. दुसरी, नर सक्षम आहे. आणि तिसरी, तुमच्या पाण्यात अंडी फळतात आणि फुटतात. एंजलफिश मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणजे मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातले, हे खरे आहे. पण आज घरोघरी दिसणारे एंजलफिश कित्येक पिढ्या टाक्यांतच वाढलेले आहेत आणि ६.५ ते ७.५ पीएचच्या पाण्यात ते उत्तम राहतात. पावडर टाकल्याने पीएच एकदा खाली येतो आणि पाण्यात क्षारांचे प्रमाण जास्त असेल, तर दोन दिवसांत पुन्हा वर चढतो. हा चढउतार माशांना स्थिर पण किंचित जास्त असलेल्या पीएचपेक्षा कितीतरी अधिक बाधतो. स्वतंत्र टाकीत दोन-तीन खेपा होऊनही निम्म्याहून अधिक अंडी पांढरी पडत राहिली, तरच पाण्याच्या कठीणपणाचा विचार करा. तेव्हाही आरओचे पाणी नेहमीच्या पाण्यात थोडे थोडे मिसळून ते हळूहळू मऊ करत न्यावे, हा मार्ग बरा.

अंड्यांचा रंग पाहण्याची सवय मात्र आत्ताच लावून घ्या, कारण सल्ला देणाऱ्या दहा जणांपेक्षा तो रंग अधिक सांगतो. ताजे अंडे मोहरीच्या दाण्याहून थोडे लहान, पारदर्शक आणि मधासारख्या फिकट पिवळसर रंगाचे असते. दुसऱ्या दिवशी आत गडद ठिपका दिसू लागतो. तो वाढणारा जीव. न फळलेले अंडे चोवीस तासांच्या आसपास दुधी पांढरे होते आणि पुढे त्यावर कापसासारखी बुरशी धरते. शंभरात दहा-पंधरा अंडी पांढरी होणे काळजीचे नाही. तुमच्या जोडीने निवडलेली जागा, म्हणजे फिल्टरचा पाइप, मला थोडी खटकते. मादी अंड्यांची एक ओळ लावते आणि तिच्या पाठोपाठ नर त्याच ओळीवरून फिरत ती फळवत जातो. हे दीड-दोन तास चालते. तिथे पाण्याचा ओढा जोरात असेल, तर नराचे रेत अंड्यांपर्यंत पोचण्याआधीच वाहून जाते. शिवाय पाइपाचे तोंड जवळ असल्याने सुटे झालेले पिल्लू थेट फिल्टरमध्ये ओढले जाते.

मिथिलिन ब्लू मुख्य टाकीत टाकण्याचा सल्ला तर पूर्णपणे टाळण्यासारखा आहे. ते अंड्यांवरच्या बुरशीला आवरते, म्हणून उबवणीच्या छोट्या भांड्यात ते जरूर वापरावे. पण टाकीच्या फिल्टरमध्ये अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जे जिवाणू असतात, त्यांनाही त्याचा फटका बसतो आणि ती वसाहत पुन्हा उभी राहायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. पाणवनस्पतींना ते मानवत नाही आणि काचेच्या जोडांतले सिलिकॉन कायमचे निळे होते. मुळात तुमची अंडी बुरशीने गेल्याचे तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही, तेव्हा बुरशीवरचे औषध कशासाठी?

तर खरी गरज आहे ती या दोघांसाठी स्वतंत्र टाकीची. ८० ते १०० लिटरची, उंचीने किमान ४५ सेंटिमीटर असलेली टाकी पुरेशी आहे. उंची महत्त्वाची, कारण पूर्ण वाढलेला एंजलफिश वरच्या परापासून खालच्या परापर्यंत लांबीपेक्षा उंचीने मोठा असतो. तळाला वाळू-दगड काही घालू नका. उघडा तळ रोज पुसल्यासारखा स्वच्छ ठेवता येतो आणि खाली पडलेले पिल्लू आईबापांना चटकन सापडते. तापमान २७ ते २८ अंशांवर स्थिर ठेवणारा हीटर हवा. फिल्टर फक्त स्पंजचा, एअर पंपावर हळू चालणारा असावा. हा स्पंज आधी महिनाभर तुमच्या सध्याच्या टाकीतच चालवा, म्हणजे त्यात जिवाणू वस्तीला येतील आणि नव्या टाकीत पहिल्या दिवसापासून तो कामाला लागेल. अंड्यांसाठी पाटीचा, म्हणजे स्लेटचा, हातभर नको पण वीतभर उंचीचा तुकडा काचेला जवळजवळ उभा टेकवून ठेवा. निसर्गात हे मासे बुडालेल्या खोडांवर आणि रुंद पानांवर अंडी घालतात, म्हणून त्यांना उभा पृष्ठभाग आवडतो. पांढऱ्या पीव्हीसी पाइपाचा तुकडाही चालतो. टाकीच्या तीन बाजू कागदाने झाका आणि ती जिथून माणसांची सतत ये-जा नाही अशा ठिकाणी ठेवा.

दोघांना एकाच वेळी हलवा. एकाला आधी नेले तर तो टाकी आपली समजतो आणि नंतर येणाऱ्याला झोडपतो. हलवल्यानंतर दोन-चार आठवडे अंडी आली नाहीत तर घाबरू नका. नवी जागा पचायला वेळ लागतो. त्या काळात लक्ष ठेवायचे ते एकाच गोष्टीवर. मोठ्या टाकीत नराचा राग इतर माशांवर निघत होता, तो आता मादीवर निघतो आहे का? मादी सतत कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ तोंड वर करून राहत असेल, तिचे पर फाटलेले दिसत असतील, तर टाकीत काही दिवस पारदर्शक आडकाच घालून त्यांना वेगळे करा. बहुतेक जोड्या त्यानंतर शांत होतात.

रात्री खोलीत अगदी मंद दिवा राहू द्या. हा उपाय साधा आहे, पण त्याने पडणारा फरक मोठा असतो, कारण आईबापांना रात्रभर अंडी दिसत राहतात. मुख्य दिवा लावताना आणि बंद करताना आधी खोलीतला दिवा लावावा, म्हणजे उजेड एकदम बदलणार नाही. या काळात खाणे सकस द्यावे : ब्राइन श्रिम्प, डॅफ्निया, ब्लडवर्म असे बारीक जलजीव, जोडीला चांगल्या प्रतीचे दाणेदार खाद्य. जिवंत ट्युबिफेक्स किड्यांच्या वाटेला न गेलेले बरे. ते घाण पाण्यातून येतात आणि रोग आणतात. अंडी असताना टाकीत उरलेले खाद्य अजिबात राहू देऊ नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न, अंडी काढून वेगळी उबवावीत का. वेगळी उबवल्यास पिल्लांची संख्या बहुधा जास्त मिळते, यात शंका नाही. तरीही, स्वतंत्र टाकीत या जोडीला निदान चार-पाच खेपा स्वतः प्रयत्न करू द्यावा, असे मी सुचवेन. दर खेपेला अंडी उचलून घेतली तर राखणीची पुढची पायरी त्यांना कधीच गाठता येत नाही. आज पहिल्या दिवशी खाणारी जोडी पुढच्या खेपेला तिसऱ्या दिवसापर्यंत जाते, त्याच्या पुढच्या खेपेला पिल्ले पाण्यात पोहू लागेपर्यंत तग धरते, अशी प्रगती अनेक जोड्यांत दिसते. आणि दोनशे पिल्लांचा ढग मध्ये घेऊन दोन एंजलफिश टाकीतून सावकाश फिरताना पाहणे, हा घरच्या मत्स्यालयातला सर्वांत मोठा आनंद आहे असे मला मनापासून वाटते. मोठ्या संख्येने पिल्ले विकणाऱ्यांचे गणित वेगळे असते. तुम्हाला तशी घाई नाही.

चार-पाच खेपांनंतरही यश आले नाही, तर एक खेप वेगळी उबवा. त्यासाठी अंडी घालून दोघे बाजूला झाले, की पाटीचा तुकडा त्याच टाकीचे पाणी भरलेल्या आठ-दहा लिटरच्या काचेच्या भांड्यात, शक्यतो पाण्याखालूनच, न्यावा. तापमान तेच ठेवावे. अंड्यांचा भाग समोर येईल अशी पाटी टेकवून तिच्या खालच्या बाजूला एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, असा ठेवावा, की बुडबुडे अंड्यांवर न आदळता त्यांच्या शेजारून वर जातील आणि पाणी मात्र अंड्यांवरून फिरत राहील. आईबाप परांनी जे काम करतात, तेच आपल्याला इथे हवेने करायचे आहे. मिथिलिन ब्लू इतकेच घालावे, की पाणी निळे दिसेल, पण त्यातून अंडी पाहता येतील. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने हलकेच ओढून काढावीत. ती निघत नसतील तर शेजारच्या चांगल्या अंड्यांना धक्का लावून काढण्यापेक्षा तशीच राहू द्यावीत. अंडी फुटल्यानंतर रोज निम्मे पाणी त्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदलत गेले, की निळा रंग दोन-तीन दिवसांत फिका होतो.

अंडी फुटल्यावर पुढचे चार-पाच दिवस पिल्लांना काहीही खायला घालायचे नाही. त्यांच्या पोटाशी बलकाची पिशवी असते आणि त्यावरच ती जगतात. या दिवसांत हौसेने टाकलेली कोंबडीच्या अंड्याच्या पिवळ्या बलकाची पूड किंवा चुरा पाणी नासवतो आणि सगळी खेप एका रात्रीत संपते. पिल्ले पृष्ठभागापासून सुटून आडवी पोहू लागली, की तो दिवस खाणे सुरू करण्याचा. आणि त्याच दिवसासाठीची तयारी आदल्या दिवशी झालेली असली पाहिजे.

पहिले अन्न म्हणून नुकत्याच बाहेर पडलेल्या ब्राइन श्रिम्पच्या, म्हणजे आर्टेमियाच्या, पिल्लांना तोड नाही. ती सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीची असतात, पाण्यात हलत राहतात आणि एंजलफिशच्या पिल्लाला हलणारेच अन्न दिसते. कोरडी अंडी डबाबंद मिळतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवावे, ते पाणी उलट्या टांगलेल्या बाटलीत भरावे, त्यात अर्धा चमचा अंडी घालावीत, तळापासून जोरात हवा सोडावी, तापमान २६ ते २८ अंश ठेवावे आणि वर दिवा लावून ठेवावा. साधारण चोवीस तासांत ती फुटतात. मग हवा बंद करून दहा मिनिटे थांबले, की रिकामी टरफले वर तरंगतात आणि नारिंगी रंगाची जिवंत पिल्ले उजेडाकडे जमतात. तळाशी एका बाजूने दिवा धरला, की ती तिथे ढगासारखी गोळा होतात. बारीक नळीने तेवढीच काढून घ्यावीत, पातळ सुती कापडातून गाळावीत आणि गोड्या पाण्याने धुवावीत. टरफले शक्य तितकी वगळा, कारण ती पिल्लांच्या पोटात अडकू शकतात. दर दिवशी एक नवी बाटली लावावी, म्हणजे अन्न नेहमी ताजे मिळते. आर्टेमियाची पिल्ले स्वतःच्या पोटातला बलक काही तासांतच संपवतात आणि मग त्यांच्यात पोषण फारसे उरत नाही.

दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे द्या. पुरेसे मिळाले की नाही हे पाहण्याची खूण फार सुंदर आहे. खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत भिंग घेऊन बाजूने पाहिले, तर काचेसारख्या पारदर्शक अंगात पोटाचा तेवढा भाग नारिंगी झालेला दिसतो. सगळ्यांची पोटे नारिंगी झाली असतील तर तेवढेच पुरे. उरलेली आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांनी मरते आणि तळाशी सडते, म्हणून संध्याकाळच्या खाण्यानंतर तळ साफ करायलाच हवा. त्यासाठी एअर पंपाची बारीक नळी सायफनसारखी वापरा आणि पाणी पांढऱ्या बादलीत सोडा. चुकून ओढले गेलेले पिल्लू पांढऱ्या तळावर लगेच दिसते आणि चमच्याने परत सोडता येते. काढलेल्या पाण्याइतकेच ताजे पाणी, त्याच तापमानाचे, थेंबथेंब भरावे. तीन आठवड्यांनंतर बारीक केलेले फ्लेक खाद्य, मायक्रोवर्म नावाचे सूक्ष्म किडे आणि पुढे चिरलेले ब्लडवर्म यांची सवय लावता येते. चार ते सहा आठवड्यांत त्यांची उंच, त्रिकोणी आकृती उमटू लागते.

आता जे सांगायचे आहे, ते अंडी वाचवण्याच्या उत्साहात बहुतेकांच्या लक्षात येत नाही. किती पिल्ले वाढवायची हे अंड्यांवरून ठरत नाही, ते तुमच्याकडे पाणी आणि जागा किती आहे यावरून ठरते. एका खेपेला दोनशे-तीनशे अंडी सहज असतात. पिल्ले सुरुवातीला ४० लिटरच्या टाकीत मावतात. पण अंग दोन सेंटिमीटरचे झाले, की प्रत्येकासाठी तीन-चार लिटर पाणी लागते आणि पुढे ही गरज वाढतच जाते. दाटीत वाढलेल्या पिल्लांची वाढ खुंटते, पोटाखालचे दोन लांब धाग्यांसारखे पर आखूड राहतात किंवा उगवतच नाहीत आणि कल्ल्यांची झाकणे वाकडी होतात. हे दोष नंतर चांगल्या पाण्यानेही पुरते भरून येत नाहीत. म्हणून चाळीस-पन्नास निकोप पिल्ले वाढवण्याचा निश्चय आधीच करा आणि ती मोठी झाल्यावर कोणाकडे जातील हेही अंडी उबवण्यापूर्वी ठरवा. प्रत्येक खेप वाढवलीच पाहिजे असे मुळीच नाही. आईबापांनी काही खेपा खाल्ल्या तर खाऊ द्या, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. मात्र नको झालेले मासे तळ्यात, ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. एक तर ते मरतात, नाहीतर तिथल्या माशांच्या जिवावर उठतात.

एवढी तयारी व्हायला दोन महिने तरी जातील. तोपर्यंत सध्याच्या टाकीत दोन बदल करता येतील : रात्रीचा मंद दिवा, आणि शक्य असल्यास सकर माशाची दुसरीकडे सोय. तो पूर्ण वाढीला बराच मोठा होतो, तेव्हा कधीतरी त्याची वेगळी सोय तुम्हाला करावीच लागणार आहे.

मादीचीही काळजी घ्या. चार महिने दर पंधरवड्याला अंडी घालणे तिच्या अंगावर येते. ती पाठीकडे बारीक दिसू लागली किंवा अंडी दर खेपेला कमी होत गेली, तर तिला विश्रांती हवी आहे. दोघांच्या मध्ये आडकाच घाला, तापमान २५ अंशांपर्यंत हळूहळू खाली आणा, पाटी काढून ठेवा आणि चांगले खाणे चालू ठेवा. चार-सहा आठवड्यांत ती पुन्हा भरलेली, चपळ दिसू लागेल. तेव्हा काच काढून पाटी परत ठेवावी.